तेहतीस फुटांची गल्ली: मेलबर्नमध्ये पाच दिवस, पायी

दिवस पहिला

चौतीस वर्षं मी भूमी अभिलेख खात्यात काढली. आधी भूकरमापक म्हणून सातारा-कोरेगाव भागात साखळी ओढली. शेवटी निमतानदार झालो, म्हणजे दोन भावांच्या बांधावर उभं राहून दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी नवा रस्ता दिसला की पावलं आपोआप मोजली जातात. माझं पाऊल अडीच फुटांचं. चालताना मी गप्प झालो की आमची ही बोलायचं थांबते, कारण आकडा चुकला तर मी पुन्हा मागे जाऊन मोजतो हे तिला ठाऊक आहे.

पुतणी टार्नीटला राहते. शहराच्या पश्चिमेची ही नवी वस्ती. पुण्या-नाशकातली इतकी पोरं इथे आहेत की दुकानात भाजणीचं पीठ मिळतं. "काका, पहिला दिवस झोपून काढा," असं तिने बजावलं होतं. पण पहाटे तीनलाच डोळे उघडले, मग सकाळच्या गाडीने सदर्न क्रॉस गाठलं. लाटांसारखं छप्पर असलेलं हे स्टेशन. बाहेर पडलो तो थेट कॉलिन्स स्ट्रीट.

रस्ता पाहिला आणि पहिल्या नजरेत कळलं की हा वाढत वाढत झालेला नाही, आधी कागदावर ओढलेला आहे. दोन्ही टोकांपर्यंत दोरी ताणल्यासारखा सरळ. सिग्नलला थांबलो. इथे खांबावरचं बटण दाबलं की ते संथ टक-टक करतं आणि हिरवा माणूस लागला की एकदम मशिनगनसारखं सुटतं. त्या घाईत ओलांडताना मोजलं. इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत चाळीस पावलं. म्हणजे शंभर फूट, किंवा त्याला जरा कमी.

पुढच्या कोपऱ्यावरून आत वळलो, तर मागच्या अंगाला लिटल कॉलिन्स स्ट्रीट. मोठ्या रस्त्याची धाकटी बहीण, नावही तेच. ही गल्ली मोजली: तेरा पावलं आणि वर वीतभर. मी जागीच थांबलो. ही म्हणाली, "आता काय झालं?"

झालं ते असं, की तेरा पावलं आणि वीतभर म्हणजे तेहतीस फूट. तेहतीस फूट म्हणजे आपली शंकू साखळी, सोळा आण्यांची. ती मी खांद्यावर वागवली आहे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. आणि सातासमुद्रापार मी आमच्याच साखळीच्या रुंदीच्या गल्लीत उभा होतो!

घरून निघण्याआधी थोडं वाचलं होतं, ते आता जुळायला लागलं. १८३७ च्या मार्चमध्ये रॉबर्ट हॉडल नावाचा सर्व्हेअर इथे आला आणि त्याने यारा नदीच्या काठाशी समांतर असा हा चौकटींचा पट आखला. म्हणून शहर उत्तर-दक्षिण सरळ नाही, नदीकडे बघून तिरकं बसलंय. इंग्रजी साखळी सहासष्ट फुटांची. मोठे रस्ते दीड साखळी, म्हणजे नव्व्याण्णव फूट. धाकट्या गल्ल्या अर्धी साखळी. एकेक चौकट दहा साखळ्या लांब, दहा रुंद. हिशेब करा: दहा एकर, चारशे गुंठे. त्याचे पुढे ढोबळमानाने अर्ध्या एकराचे, म्हणजे वीस गुंठ्यांचे प्लॉट पाडले आणि १८३७ च्या १ जूनला पहिला लिलाव झाला. त्याच्या साल-दोन साल आधी आपल्याकडे गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन ब्रिटिश अधिकारी इंदापूर तालुक्यात शेतसाऱ्यासाठी मोजणी करत होते. मालक एकच, पट्टीही एकच. आमच्या खात्याचे पूर्वज आणि या शहराचा पूर्वज एकाच शाळेतले म्हणायचे.

हिला एवढंच म्हणालो, "हे साताऱ्याच्या मापाचं शहर आहे." ती म्हणाली, "मग कॉफीपण साताऱ्याच्या भावात मिळेल का बघा." मिळाली नाही.

दुपारी बर्क स्ट्रीटवर आणखी एक गंमत. ट्राम आणि चालणारी माणसं यांच्यासाठी राखलेल्या पट्ट्यातून उतरत होतो. उतरत, हे महत्त्वाचं. एलिझाबेथ स्ट्रीटपर्यंत रस्ता खाली जातो आणि पलीकडे पुन्हा चढतो. मी हिला म्हणालो, "इथे ओढा आहे." तिने डांबराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी जावईबापूंना विचारलं, तर खरंच! एलिझाबेथ स्ट्रीट जुन्या ओढ्यावरच बसवलाय. १९७२ च्या फेब्रुवारीत ढगफुटीसारखा पाऊस झाला, तेव्हा ओढा आपली वहिवाट सांगायला परत आला होता आणि मोटारी पाण्यात तरंगत होत्या. साखळीला ओढा दिसत नाही, पाण्याला मात्र साखळी दिसत नाही.

त्याच कोपऱ्यावर जुनं पोस्ट ऑफिस आहे, आता आत दुकानं. मेलबर्नपासूनची अंतरं इथून मोजतात. नागपूरच्या झिरो माइलला केला होता तसा यालाही मनातल्या मनात नमस्कार केला.

फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनवर पुतणी आणि जावई भेटायचे होते. "घड्याळांखाली या," एवढाच पत्ता. दाराच्या कमानीवर गाड्यांच्या वेळा दाखवणारी घड्याळांची रांग आहे आणि अख्खं शहर एकमेकांना तिथेच भेटतं. दादरला पुलाखाली भेटतात तसं. जावई म्हणाले, "काका, हा नकाशा खरं तर मुंबईचा. बोरीबंदरचा इथे आला आणि इथला तिकडे गेला, अदलाबदल झाली." ही गोष्ट इथे बऱ्याच जणांकडून ऐकली. ऐकायला झकास आहे, पण कागद तपासला की टिकत नाही. बोरीबंदरची इमारत १८८८ पर्यंत उभी राहिली होती. या स्टेशनच्या आराखड्याची स्पर्धा झाली १८९९ मध्ये, ती रेल्वेच्याच दोन नोकरांनी जिंकली आणि इमारत पुरी झाली १९१० ला. अकरा वर्षांचं अंतर कुठल्या टपालात हरवणार? तरी पिवळ्या भिंती आणि हिरवा घुमट बघत उभं राहिल्यावर मला वाटलं, मुंबईकराला इथे परकं वाटू नये म्हणून कुणी ही गोष्ट रचली असेल तर पुण्यच केलं.

दिवस दुसरा

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट. १८७८ पासूनचा बाजार, लांबच लांब शेड, सोमवारी आणि बुधवारी बंद. भाजीवाले ओरडतात, "डॉलरला पिशवी!", आणि बंद व्हायची वेळ जवळ आली की भाव पडतात. मंडईच्या माणसाला इथे दुभाषा लागत नाही. हिने कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करून पाहिली. विक्रेता इटालियन आजोबांसारखा दिसत होता. त्याने भाव कमी केला नाही, पण वर दोन मिरच्या टाकल्या. जुडीबरोबर मिरच्या फुकट मागायची चाल जगभर आहे की हिच्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं असतं?

जॅम भरलेले गरम डोनट एका गाडीवर मिळतात, रांग लावून. वरून साखर, आत लालभडक जॅम, पहिल्या घासाला जीभ भाजतेच. हिचा दुसरा डोनट संपत आल्यावर मी सांगितलं की या बाजाराच्या एका भागाखाली शहराचं पहिलं अधिकृत कब्रस्तान आहे आणि हजारो माणसं अजून खालीच आहेत. "आधी सांगायचं ना," ती म्हणाली आणि उरलेला घास खाल्ला.

तिथून चालत स्टेट लायब्ररी. बाहेर फूटपाथमध्ये एका दगडी इमारतीचा कोपरा तिरका रुतलेला दिसतो, जणू आधीचं एखादं वाचनालय जमिनीत खचलंय. शिल्प आहे ते, पण क्षणभर मी पंचनाम्याच्या तयारीत होतो. आत १९१३ सालचा घुमट. अष्टकोनी वाचनकक्ष, मधोमध उंचवटा आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारखी निघालेली लाकडी मेजं, त्यांवर हिरवे दिवे. वरच्या सज्ज्यातून खाली पाहिलं तर दीडेकशे माणसं आणि आवाज फक्त पान उलटल्याचा. प्रवेश फुकट, कुणी ओळखपत्र मागितलं नाही. तासभर आम्ही नुसते बसलो. मी वाचलं काहीच नाही.

इथेच नेड केलीचं चिलखत आहे. नांगराच्या लोखंडी पात्यांपासून ठोकून बनवलेलं, वजन चाळीस किलोच्या वर, डोळ्यांपुरती एक फट. तीन पोलिसांच्या हत्येनंतर फरारी झालेला हा दरोडेखोर १८८० च्या जूनमध्ये ते घालून पोलिसांसमोर उभा राहिला. चिलखत पायांना नव्हतं, पोलिसांनी पायांवर गोळ्या झाडल्या. ११ नोव्हेंबरला जवळच्याच तुरुंगात फाशी. इथल्या लोकांचं त्याच्याविषयी एकमत नाही. कुणी खुनी म्हणतं, कुणी गरीब आयरिश कुळांचा कैवारी. आपल्याकडे उमाजी नाईकांची गोष्ट सांगतानाही आवाज असाच खालीवर होतो.

रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग बाहेरूनच पाहिली. १८८० ची, देशाची पहिली संसद ९ मे १९०१ ला तिथे भरली. बागेत हिला शिंकांचा असा झटका आला की चौकशीसाठी दोन अनोळखी बायका थांबल्या. वसंतात इथल्या 'प्लेन' जातीच्या झाडांचे बारीक केस हवेत उडतात आणि अर्धं शहर शिंकत असतं. औषधवाल्याने आमच्याकडे न बघताच गोळ्या काढल्या.

परतताना स्वॉन्स्टन स्ट्रीटच्या उत्तर टोकाला एक उंच इमारत दिसली. पांढऱ्या बाल्कन्यांच्या कडा कुठे जाड, कुठे बारीक, वेड्यावाकड्या वळणाच्या. मी म्हणालो, "गवंड्याची पट्टी सुटलेली दिसते." हिने फोटो काढला. त्यात काही नव्हतं, नुसत्या बाल्कन्या.

दिवस तिसरा

सकाळी ऊन, दहाला गारा, बाराला पुन्हा ऊन आणि दोनला असा वारा की छत्रीचा कमळ झाला. इथे एका दिवसात चार ऋतू होतात असं म्हणतात. आम्ही तीन मोजले आणि घरी आलो. पाय चाळीस टक्के संपावर होते. शहराच्या मधल्या भागात ट्राम फुकट आहे, कार्डसुद्धा टेकवायचं नाही, हे कळल्यावर ही म्हणाली, "आणि तुम्ही मला दोन दिवस चालवलंत?" त्यावर मी बोललो नाही.

ट्रामच्या खिडकीतून एक मात्र पाहिलं. उजवीकडे वळणाऱ्या मोटारी मधल्या चौकांत चक्क डाव्या कडेला जाऊन उभ्या राहतात आणि सिग्नल बदलला की सगळ्यांच्या समोरून उजवीकडे जातात, ट्रामची वाट अडू नये म्हणून. आपल्याकडे हे बिननियमाचं चालतं.

दिवस चौथा

आज एमसीजी, मेलबर्नचं क्रिकेट मैदान. मी हा दिवस राखून ठेवला होता.

नदीकाठच्या बिरारुंग मार या बागेतून विल्यम बराक ब्रिज नावाचा पादचारी पूल थेट मैदानाकडे नेतो. बिरारुंग हे यारा नदीचं मूळ नाव, इथल्या वुरुंजेरी लोकांचं. पूल ओलांडताना पुतणीला विचारलं, हा बराक कोण? तिने फोनवर शोधून जे वाचून दाखवलं त्याने मी मैदान विसरलो.

१८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाच्या माणसाने वुरुंजेरी जाणत्यांशी एक करार केला. सहा लाख एकर जमीन, बदल्यात कांबळी, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, पीठ आणि वर्षाकाठी आणखी काही. कागदावर आठ जणांच्या खुणा. मी आयुष्यभर अंगठ्याचे दस्त पाहिले आहेत, त्यामुळे ज्यांनी खूण केली त्यांना काय समजावलं असेल याचा अंदाज आला. काहीच आठवड्यांनी गव्हर्नर बर्कने जाहीरनामा काढून तो करार रद्द केला. कारण फसवणूक नव्हे. कारण असं की ही जमीन मुळात या लोकांची नाहीच, ती राजाची, मग ते विकणार कशी? म्हणजे खरेदीखत खोटं पडलंच, शिवाय सात-बारावर मूळ मालकाचं नावच लागलं नाही. आणि दोन वर्षांत त्याच कोऱ्या कागदावर हॉडलने दीड साखळीचे रस्ते ओढले. आपण काल-परवा कौतुकाने मोजले ते.

विल्यम बराक त्या कराराच्या वेळी अकराएक वर्षांचा पोर होता. आपण तिथे हजर होतो, असं त्याने पुढे सांगितलं. मोठेपणी तो त्यांचा पुढारी झाला. कोरँडर्कला त्याच्या लोकांची वसाहत होती. सरकार ती मोडायला निघालं, तेव्हा तो सोबत्यांना घेऊन साठेक किलोमीटर चालत मेलबर्नला दाद मागायला आला. १९०३ मध्ये तो वारला. मी पुलावर उभा राहून पावलांत हिशेब केला. साठ किलोमीटर म्हणजे माझी ऐंशी हजारांच्या घरात.

मैदानाभोवतीच्या यारा पार्कमध्ये एका वाळलेल्या झाडाच्या खोडावर मोठा लांबट वण आहे. युरोपीय येण्याआधी होडीसाठी किंवा आणखी कशासाठी साल सोलून काढल्याची खूण. कुंपण, पाटी, बाकी काही नाही. आमच्या भाषेत याला हद्दीची खूण म्हणतात, आणि ती कोर्टात चालते. वाकून बघत होतो तोच डोक्यावर फडफड झाली आणि कुणीतरी कान ओरबाडला. मॅगपाय! काळा-पांढरा, कावळ्याएवढा पक्षी, विणीच्या दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्यावर झडप घालतो. हिने मोडकी छत्री उघडून मला वाचवलं. हद्द ओलांडल्याची नोटीस इतक्या थेट मला कधी कुणी बजावली नव्हती.

मैदानाची फेरी एका सत्तरीच्या स्वयंसेवकाने घडवली. १८७७ च्या मार्चमधली पहिली कसोटी इथलीच. एक लाख माणसांची जागा, आणि आज रिकामी. रिकामं मैदान इतकं मोठं दिसतं की गवत कापणारं यंत्र खेळण्यासारखं वाटतं.

मला मात्र १९८१ चा फेब्रुवारी दिसत होता. मी सतरा वर्षांचा, पहाटेचा अंधार, वडिलांच्या रेडिओला चिकटलेला कान. गावसकर सत्तरवर पायचीत. चेंडू बॅटला लागला होता असं त्याचं म्हणणं. तो चिडून चेतन चौहानलाही सोबत घेऊन निघाला. सीमारेषेवर मॅनेजरने चौहानला परत पाठवलं नसतं तर सामना तिथेच हातचा गेला असता. वडील म्हणाले होते, "बांध सोडायचा नसतो." पुढे ऑस्ट्रेलियाला १४३ हव्या होत्या. दुखऱ्या मांडीच्या कपिलने २८ धावांत पाच घेतले आणि त्यांचा डाव ८३ मध्ये आटोपला.

मार्गदर्शकाने विचारलं, कुठून आलात? महाराष्ट्र म्हटल्यावर तो म्हणाला, "रहाणे!" आणि मला सन्मानफलकाकडे घेऊन गेला. २०१४ चे १४७, २०२० चे ११२. त्याआधी इथे कसोटीत दोन शतकं काढलेला एकच भारतीय, विनू मांकड. ॲडलेडला ३६ मध्ये गुंडाळलेला संघ घेऊन आठवड्यात इथे उभा राहिलेला आश्वीचा हा माणूस. त्याला त्या दिवशी सामनावीर म्हणून मुल्लाह पदक मिळालं, ते पहिलंच. जॉनी मुल्लाह म्हणजे १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या मूळनिवासी खेळाडूंच्या संघातला सर्वांत गाजलेला खेळाडू. ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेला तो पहिला क्रिकेट संघ. पदकावर त्या संघाच्या पट्ट्याच्या बकलाची नक्कल आहे. सकाळपासून कुठेही वळावं तर गोष्ट पुन्हा त्याच लोकांपाशी येत होती.

दिवस पाचवा

शेवटचा दिवस. नदी ओलांडून सेंट किल्डा रोडने श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्सला चालत गेलो. पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्यांचं स्मारक, १९३४ चं, ग्रीक देवळाच्या घाटाचं. गाभाऱ्यात जमिनीच्या पातळीखाली एक शिळा आहे, तिच्यावर एक वाक्य कोरलंय. ११ नोव्हेंबरला सकाळी बरोबर अकराला छपरातल्या झरोक्यातून उन्हाची तिरीप येते आणि त्या वाक्यातल्या 'प्रेम' या शब्दावरून सरकते. कोल्हापूरचा किरणोत्सव आठवल्याशिवाय राहिला नाही. पुढे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याची पद्धत आली आणि सूर्य ऐकेना, त्याचे अकरा वाजायला बारा वाजले. मग छपरात आरसा बसवून तिरीप वळवून घेतली. मोजणीतली चूक दुरुस्त करायचा इतका देखणा मार्ग आमच्या खात्याला कधी सुचला नाही.

वरच्या सज्ज्यातून उत्तरेला बघायचं. समोर रस्त्याची सरळ रेघ, पूल, त्यापलीकडे स्वॉन्स्टन स्ट्रीट. हॉडलची ओळंब्यात बसलेली रेषा. मी बोटाने पुतणीला दाखवत होतो, बघ, इथून तिथपर्यंत कुठे ढळलेली नाही.

ही म्हणाली, "अहो, तो म्हातारा कोण बघतोय आपल्याकडे?"

मला काही दिसेना. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हिची नजर घारीची झालीय. "रेघेच्या टोकाला. पांढरी इमारत. दाढी आहे बघा."

मी चष्मा पुसला. तीनेक किलोमीटरवर, रस्त्याच्या अगदी शेवटी, इमारतभर एक चेहरा होता. खोल डोळे, रुंद कपाळ, दाढी. पुतणी म्हणाली, "काका, तोच की विल्यम बराक. मलासुद्धा माहीत नव्हतं इथून दिसतो ते." हिने फोनमधला परवाचा फोटो काढून पुढे धरला. जाड-बारीक कडा, नुसत्या बाल्कन्या. गवंड्याची पट्टी सुटली नव्हती.

बराच वेळ तिथे होतो. मग खाली उतरून आलो त्याच रस्त्याने परत निघालो. सवयीने पावलं मोजायला लागलो. पुलाच्या अलीकडे कुठेतरी आकडा चुकला. ही थांबली, मी मागे वळतो का बघत.

"चल," म्हणालो.